सिस्टरना दिसलेलं पाखरू

सिस्टरना डावं-उजवं कधी कळलंच नाही. सगळी हयात सरकारी दवाखान्यात नोकरी केली, लोकांच्या डाव्या-उजव्या दंडांवर इंजेक्शनं दिली, पण सुई हातात घेतली की आधी स्वतःच्या मनगटाकडं बघायच्या. घड्याळ डाव्या हातात. त्यामुळं डावीकडं म्हणजे ‘घड्याळाच्या हाताला’ आणि उजवीकडं म्हणजे ‘रिकाम्या हाताला’. रिक्षावाल्यालाही त्या तसंच सांगायच्या. तो बिचारा गाडी थांबवून मागं वळून त्यांच्या मनगटाकडं बघायचा.

मी मोजणी खात्यातला माणूस. हद्दीचे दगड, नकाशे आणि दिशा यांतच माझी नोकरी गेली. अनोळखी गावात डोळे बांधून सोडलं तरी उत्तर कुठली ते सांगेन, अशी मला घमेंड होती. अशा माणसानं जंगलात सिस्टरांच्या मागून चालायचं, ही आमच्या घरी चेष्टेची गोष्ट होती. बेळगावच्या टिळकवाडीतल्या आमच्या फ्लॅटमधून पहाटे कॅमेरा गळ्यात अडकवून निघालो की बायको विचारायची, “आज परत कधी? की सिस्टर पुढं आहेत?”

त्यांची ओळख झाली ती माझ्या वडिलांमुळं. आप्पांचं मांडीचं हाड मोडलं होतं आणि बेळगावच्या दवाखान्यात ते महिनाभर पडून होते. जन्मभर खानापूरकडच्या शेतात राबलेला माणूस, त्याला खाटेवर पडून राहणं म्हणजे तुरुंग. दिसेल त्याला शिव्या. वॉर्डातल्या पोरी त्यांच्या खाटेजवळ यायला बिचकायच्या. सिस्टर एके सकाळी आल्या, खिडकी उघडली आणि म्हणाल्या, “आप्पा, त्या झाडावर एक कुटुरगा वरडतंय बघा. दिवसभरात किती येळा वरडतंय तेवढं मोजून ठिवा. सांजच्याला मी विचारणार.” आप्पांनी त्यांनाही दोन शिव्या हासडल्या. संध्याकाळी मी डबा घेऊन गेलो तेव्हा ते खिडकीकडं कान देऊन पडले होते आणि मला बोट दाखवून गप्प बसवत होते. मोजणी चालू होती.

पुढं सिस्टर निवृत्त झाल्या. त्यांची मुलगी सुजाता निपाणीच्या एका कॉलेजात शिकवते. तिनं आईला दुर्बीण भेट दिली. त्याच सुमाराला मी हौसेनं मोठी लेन्स घेतली होती. एका रविवारी गुंजी स्टेशनच्या पुढं, जंगलाच्या तोंडाशी आमची गाठ पडली. माझ्या लेन्सकडं बघून त्या म्हणाल्या, “तम्मा, ही काय तोफ आणलीस? पाखरं बघायची हाईत, का किल्ला घ्यायचाय?” कानडी पेशंटांत वावरून त्यांना आपल्याहून लहान पुरुषाला ‘तम्मा’ म्हणायची सवय लागली होती. मी पन्नाशीला आलो तरी त्यांचा तम्माच होतो.

त्या दिवसापासून पाच-सहा वर्षं, पावसाळा सोडला तर महिन्यातून दोनदा तरी आम्ही गुंजीच्या पुढच्या रानात जात होतो. पुस्तकात ज्याला वर्षावन म्हणतात तसलं ते रान. दहा वाजेपर्यंत खाली ऊन पोचत नाही, पायाखालचा पाला सदा ओला, आणि दिवाळी झाली तरी जळवा सुटत नाहीत. सिस्टर पांढऱ्या कॅनव्हासच्या बुटांत मोजे वर ओढून, त्यांवर तंबाखूचं पाणी शिंपडून यायच्या. जळवा त्यांच्या वाटेला जात नसत. “आईची पुण्याई,” असं त्या हसून म्हणायच्या. त्यांची आई निपाणीत तंबाखूच्या वखारीत कामाला होती. पहाटे जायची, अंधार पडल्यावर यायची, आणि खोकतच गेली. त्याबद्दल सिस्टर फार बोलत नसत. एकदाच म्हणाल्या होत्या, “आमच्या आईला आयुष्यात एकच पाखरू ठाव होतं. वखारीच्या पत्र्यावर बसणारी घार. मी बघते ती बाकीची समदी तिच्या वाटणीची.”

पाखरं बघण्याची त्यांची तऱ्हा वेगळीच होती. मी आधी पुस्तक वाचायचो, मग रानात शोधायचो. त्या नावं फारशी लक्षात ठेवत नसत. शेपटीला दोन लांब तारा लोंबणारा भृंगराज दुसऱ्या पाखरांच्या हुबेहूब नकला करायचा, तो त्यांच्या लेखी ‘नाटकी पेशंट’. लाल पोटाचा कर्णा एका फांदीवर अर्धा अर्धा तास न हलता बसायचा, तो ‘ऑपरेशन झालेला’. धनेशाची मादी ढोलीत स्वतःला कोंडून घेते आणि नर बाहेरून फळं आणून भरवतो, ते बघून त्या म्हणाल्या होत्या, “बाळंतिणीची खोली. चल, हितनं हलूया. भेटायची येळ न्हाय ही.” मी कॅमेरा डोळ्याला लावला होता. एकही फोटो न काढता हललो. पुढं तो फोटो हुकल्याची हळहळ मी दोन दिवस करत होतो. आज ती वाटत नाही.

आणि आम्ही चुकायचो. दर खेपेला थोडं तरी चुकायचोच. फणसाच्या एका जुन्या झाडापाशी वाट फुटायची. तिथं डावीकडं, म्हणजे घड्याळाच्या हाताला वळलं की ओढा लागायचा, आणि ओढ्याच्या कडेनं गेलं की परत गाडीपाशी. एवढी सोपी वाट. पण सिस्टरना मध्येच काहीतरी ऐकू यायचं आणि त्या वाट सोडून आत शिरायच्या. मग मी दिशा लावत त्यांना बाहेर काढायचो. बाहेर आल्यावर कपाळावरचा घाम पुसत म्हणायच्या, “बरोबर वाटंनं गेलो असतो तर हे बघाय मिळालं असतं व्हय?” आणि खरंच मिळालं नसतं.

आता ती सकाळ. नोव्हेंबर सरत आला होता आणि धुकं इतकं होतं, की फणसाचं झाड अगदी जवळ गेल्यावर दिसलं. सिस्टर पुढं होत्या. झाडापाशी थांबल्या, नेहमीसारखं मनगटाकडं बघितलं आणि वळल्या. मी कॅमेऱ्याची काच पुसत मागं होतो. पंधरा-वीस मिनिटं झाली तरी ओढ्याचा आवाज येईना, तेव्हा माझ्या लक्षात आलं, की आपण उजवीकडं चाललोय. मी पुढं होऊन बघितलं तर घड्याळ उजव्या हातात होतं.

“सिस्टर, घड्याळ ह्या हातात कसं?”

त्यांनी हात वर धरून बघितलं. “व्हय की रं. घाईत घाटलं असंल.” हसल्या. मीही हसलो. घरी गेल्यावर बायकोला सांगायला चांगला किस्सा झाला, एवढंच त्या वेळी माझ्या मनात आलं.

परत फिरायच्या आधी त्यांनी माझी बाही धरली. समोर वेताची जाळी होती, वाळली-ओली पानं एकात एक गुंतलेली. “ते बघ, बसलंय.”

“काय?”

“बेडकाच्या तोंडाचं. तू पुस्तकात दावलेलं.”

बेडूकतोंड्या! ते पाखरू बघण्यासाठी मी किती वर्षं तळमळत होतो. दिवसा झोपणारं, वाळल्या पानाच्या रंगाचं आणि पसरट चोचीचं. हलत नाही, बोलत नाही. नजरेसमोर असून माणसं पुढं निघून जातात. मी दुर्बीण लावली. पानं होती. लेन्स लावली. पानंच.

“कुठं, सिस्टर?”

“घड्याळाच्या हाताला. न्हाय, रिकाम्या... आरं, त्या मोडक्या काटकीच्या खाली बघ की. डोळं मिटून बसलंय बिचारं.”

मी त्यांच्या खांद्यामागं उभा राहून त्यांच्या बोटाच्या रेघेत बघितलं. गुडघ्यावर बसून बघितलं. धुक्यात मोडक्या काटक्या शंभर होत्या. शेवटी लाज वाटू लागली म्हणून म्हणालो, “हां, हां, दिसलं,” आणि त्या बोट दाखवत होत्या तिकडं वीस-पंचवीस फोटो काढून टाकले. त्या समाधानानं मान हलवत राहिल्या.

तिथून परतताना मात्र मी खरोखरच चुकलो. गुरांनी पाडलेल्या वाटा एकीतून दुसरीत फुटत होत्या, फोनला रेंज नव्हती आणि सूर्याचा पत्ता नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा मला उत्तर सापडेना. मी पुढं जाऊन बघून येतो म्हणालो आणि सिस्टरना एका दगडावर बसवलं. पाच मिनिटांत परत आलो तर त्या हात मांडीवर ठेवून ताठ बसल्या होत्या. माझ्याकडं बघितलं आणि अगदी मायेनं, पण परक्या आवाजात विचारलं, “तुमचा पेशंट कोणता वो?”

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. “सिस्टर?”

“न्हाय, तुम्ही कुणाकडं आलाय? भेटायची येळ चारनंतर हाय.”

मी तसाच उभा राहिलो. किती वेळ गेला असेल? दहा सेकंद, की मिनिट? मग त्यांचा चेहरा बदलला आणि त्या खळखळून हसल्या. “कसा घाबरला! चेष्टा केली रं तम्मा. त्वांड बघ की तुझं.”

मीही हसलो. पण ती चेष्टा होती का? आधी चेष्टा केली आणि मग हसल्या, की आधी हरवल्या आणि मग भानावर येऊन चेष्टेचं पांघरूण घेतलं? हे मला तेव्हा कळलं नाही, आजही कळत नाही. थोड्या वेळानं लांब रेल्वेची शिट्टी वाजली. तो आवाज धरून चालत दुपारच्या सुमाराला आम्ही गुंजीत बाहेर पडलो. वाटेत सिस्टरांनी भाकरी आणि शेंगाची चटणी काढून मला खायला घातली. अगदी नेहमीच्या सिस्टर.

घरी येऊन सगळे फोटो संगणकावर मोठे करून बघितले. पानं, काटक्या, धुकं. पाखरू नव्हतं. मी सिस्टरना काही बोललो नाही. त्यांनीही विचारलं नाही.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात एकामागून एक गोष्टी घडू लागल्या. सिस्टर बेळगावातच, शहापुरात राहायच्या, मागावर साड्या विणणाऱ्यांच्या गल्लीत. एके दुपारी त्या शेजारच्याच एका घरात जाऊन बसल्या आणि घरच्यांना म्हणू लागल्या, की माझी ड्यूटी संपली, रिलीव्हर कुठाय? आधी सगळे हसले. कारण सिस्टर चुकणारच, हे गल्लीला माहीत होतं. वाट चुकल्या, दार चुकल्या, बसचा नंबर चुकला, तरी कुणाला नवल वाटायचं नाही. जन्मभराच्या त्या सवयीनंच आजाराला आडोसा दिला. गॅस उघडा राहिला तेव्हा सुजाता निपाणीहून धावत आली आणि त्यांना डॉक्टरांकडं घेऊन गेली. विसरण्याचाच आजार होता.

डॉक्टरांनी विचारलं होतं, हे केव्हापासून आहे, आणि नसलेल्या गोष्टी दिसतात का? सुजातानं मला फोन केला. “दादा, जंगलात तुम्हीच असायचा बरोबर. कधी काही जाणवलं का? आठवून सांगा.”

मी आठवून सांगितलं. घड्याळ सांगितलं, ‘तुमचा पेशंट कोणता’ सांगितलं. आणि मोजणी खात्यातला माणूस ज्या ठामपणानं हद्द सांगतो, त्या ठामपणानं हेही सांगितलं, की नसलेलं पाखरू त्यांना दिसलं होतं, मी फोटो तपासलेत. सुजातानं ते डॉक्टरांना कळवलं. त्यांनी लिहून घेतलं आणि भास होऊ नयेत म्हणून एक गोळी सुरू केली. सुजाता आईला कायमची निपाणीला घेऊन गेली.

मी दोनदा भेटून आलो. दोन्ही वेळा सिस्टर पेंगत होत्या. भिंतीकडं तोंड करून बसायच्या, हाक मारली की उशिरा वळायच्या. सुजाता म्हणायची, “गोळीनं जरा सुस्ती येते, पण भास तरी होत नाहीत.” मी मान हलवायचो.

मग गेल्या वर्षी तिनं आईच्या खोलीत लावायला जंगलातले फोटो मागितले. मी जुनी सगळी फोल्डरं उघडून बसलो. त्या नोव्हेंबरातले फोटो वगळणारच होतो. का कोण जाणे, एक उघडला. बायको चहा ठेवून जाता जाता मागं थांबली आणि म्हणाली, “हे कसलं हो, मिशाळ?”

“कुठं काय आहे?”

तिनं पडद्यावर बोट टेकलं. मोडक्या काटकीच्या खाली, पानांत पान होऊन, एक तपकिरी पाखरू मान वर करून झोपलं होतं. चोचीच्या वरचे केस दिसत होते. मिटलेल्या डोळ्याची रेघ दिसत होती. एकदा दिसल्यावर दुसरं काही दिसेचना. मी पुढचा फोटो उघडला, त्याच्या पुढचा उघडला. प्रत्येकात होतं. पंचवीस फोटो माझ्या संगणकात दीड वर्षं पडून होते आणि प्रत्येकात सिस्टर म्हणाल्या तिथंच ते बसलं होतं.

मला आनंद व्हायला हवा होता. मला ती गोळी आठवली.

तो फोटो मोठा छापून घेतला आणि दुसऱ्याच दिवशी निपाणी गाठली. वाटेत काय बोलायचं ते ठरवत होतो आणि मोडत होतो. सुजाताला दारातच सगळं सांगून टाकलं, की चूक माझी होती, पाखरू होतं. ती फोटोकडं बघत राहिली. रागावेल असं वाटलं होतं. ती खुर्चीवर बसली आणि म्हणाली, “म्हणजे त्या दिवशी तिचं सगळं बरोबर होतं का, दादा? की पाखरू बरोबर आणि बाकीचं चूक? मग हे केव्हापासून धरायचं?”

“मला नाही सांगता येत,” मी म्हणालो. माझ्या नोकरीत हे वाक्य मी कधी उच्चारलं नव्हतं.

तिनं माझ्यासमोरच डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि ती गोळी हळूहळू कमी करत बंद करायला सांगितलं. पुढं ती बंद झालीही. त्यानं फरक पडला का? सुजाता एका फोनवर सांगते, आई आता खिडकीत बसते, बोलते. पुढच्या फोनवर सांगते, काही नाही दादा, तसंच आहे. दोन्ही खरं असावं.

पण त्या दिवशी, फोन झाल्यावर, मी आतल्या खोलीत गेलो. सिस्टर जाग्या होत्या. त्यांनी मला ओळखलं नाही; सुजातालाही त्या ‘बाई’ म्हणत होत्या. मी जवळ स्टूल ओढून बसलो आणि फोटो त्यांच्या मांडीवर ठेवला. माफी मागायची होती. “सिस्टर, गुंजीचं ते पाखरू, बेडूकतोंड्या. तुम्ही दाखवलेलं. मला त्या वेळी दिसलंच नव्हतं. मी उगीच हो म्हणालो आणि नंतर...”

त्या फोटोकडं बघत होत्या. पेंग पुसून गेल्यासारखे डोळे बारीक झाले. त्यांनी तपकिरी पाखरावरून बोट फिरवलं, तिथं न थांबता वर सरकवलं, आणि दोन पानांच्या फटीत, मी वाळकी काटकी समजत होतो तिथं टेकवलं.

“आणि हे?” त्या म्हणाल्या.

मी वाकलो. सुजाता माझ्या मागून वाकली. काटकीला चोच होती. करड्या रंगाचं दुसरं पाखरू, जोडीदार, तसंच मान वर करून झोपलेलं. ते मी रात्रभर बघितलेल्या फोटोतही मला दिसलं नव्हतं.

आमचे दोघांचे चेहरे बघून सिस्टरना काय वाटलं कोण जाणे. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला, वॉर्डात पेशंटच्या माणसांच्या हातावर ठेवायच्या तसा, आणि म्हणाल्या, “काळजी करू नगासा. बरी हाईत दोघंबी. आता घरला जावा, जरा झोपा तुम्हीबी.”

मी “व्हय, सिस्टर” म्हणालो आणि उठलो. खाली येऊन गाडीत बसलो तेव्हा लक्षात आलं, की माफी मागायची राहूनच गेली.